भोसरीतल्या जुन्या शेडवर सोलर ‘कंपल्सरी’, सुरुवात कुठून करू?

शीटमेटलवाली (भोसरी)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे. बाबांनी सुरू केलेलं, आता मी बघते. पाच पॉवर प्रेस, एक शिअरिंग, एक ब्रेक प्रेस, दोन मिग वेल्डिंग आणि मागच्या बाजूला पावडर कोटिंगची छोटी लाईन, तिचा ओव्हन गॅसवर. मंजूर भार ६५ किलोवॅट. महिन्याला सात-साडेसात हजार युनिट जातात, बिल सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या घरात. दिवसपाळी रोजची, दुसरी पाळी ऑर्डर असेल तशी.

चाकणच्या आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून एक फॉर्म आलाय. कंपनी मूळची जर्मन. बाकी सगळं नेहमीचं, पण एका रकान्यात लिहिलंय ‘रूफटॉप सोलर – मॅन्डेटरी’, आणि पुढे ‘अंमलबजावणीचा आराखडा जोडा’. हा फॉर्म येऊन टेबलावर पडतो न पडतो तोच एक सोलरवाला दारात. म्हणे सरकार सगळ्याच कारखान्यांना कंपल्सरी करतंय, आत्ता बुकिंग केलंत तर सबसिडीही मिळवून देतो. त्याने ६० किलोवॅटचं एक पानी कोटेशन दिलं. छपरावर कुणी चढलं नाही, मोबाईलवर नकाशात शेड बघितली आणि झालं.

शेड बाबांच्या काळातली, सहा हजार चौरस फूट. वर सिमेंटचे पत्रे, मधेमधे उजेडासाठी फायबरचे. पश्चिमेला शेजाऱ्याची चार मजली इमारत उभी राहिलीये.

खरंच कंपल्सरी आहे का? आणि करायचंच झालं तर आधी काय करू? गिऱ्हाईक सोडून चालणार नाही, निम्मं काम त्यांचं आहे.

चिंचवडकर

सबसिडीचं नाव काढलं तिथेच त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावायचं होतं. पीएम सूर्यघरची सबसिडी घरगुती जोडणीला आहे, ३ किलोवॅट आणि त्यावर जास्तीत जास्त ७८,००० रुपये. कारखान्याच्या जोडणीला एक पैसा नाही. एवढं ज्याला माहीत नाही, किंवा माहीत असून जो बोलतो, त्याच्याकडून ६० किलोवॅट घेणार?

वायरमनकाका (परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदार, पिंपरी)

ताई, आधी ‘कंपल्सरी’चं बघू. बोलणारे तिघं असतात, सरकार, गिऱ्हाईक आणि विकणारा. तिघांचं कंपल्सरी वेगवेगळं.

सरकारचं बंधन आपल्याकडे आहे, पण ते नव्या बांधकामाला. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत, सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात, तेराव्या प्रकरणात सोलर, पावसाचं पाणी, सांडपाण्याचा पुनर्वापर या सगळ्या अटी एकत्र आहेत. हॉस्पिटल, हॉटेल, वसतिगृह अशांचे नकाशे मंजूर होताना ही अट लागते आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी ती पुरी केल्याचं दाखवावं लागतं. चालू असलेल्या ६५ किलोवॅटच्या प्रेस शॉपला ‘छपरावर पॅनल लाव नाहीतर बंद कर’ म्हणणारा कायदा नाही. उद्या शेड पाडून नवी बांधलीत किंवा मजला चढवलात तर मात्र आर्किटेक्टला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा, आणि भोसरीत नकाशा एमआयडीसीकडे जातो, त्यामुळे त्यांची नियमावली उघडा.

म्हणजे तुमचं कंपल्सरी गिऱ्हाइकाचं आहे. ते कायद्यापेक्षा कडक असतं हे मला ठाऊक आहे, पण त्यात बोलायला जागा असते. त्यांना विचारा: तुम्हाला माझ्या छपरावर पॅनल हवेत, की माझ्या विजेतला अमुक हिस्सा हरित हवा? बहुतेक वेळा दुसरं असतं. तसं असेल तर महावितरणचा हरित वीज दर आहे, २०२१ पासून. नेहमीच्या दरावर युनिटमागे थोडी जादा रक्कम भरायची, आणि तुमची वीज अक्षय ऊर्जेची असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. छप्पर तयार होईपर्यंत फॉर्मचा तो रकाना त्याने भरता येतो. बाहेरच्या सोलर पार्कातून ओपन ॲक्सेसने वीज घ्या असं कुणी सुचवलं तर २०२२ च्या नियमांत त्याला १०० किलोवॅटचा उंबरठा आहे, एकट्या ६५ मध्ये ते बसत नाही.

आता छप्पर. सिमेंटचा पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉस. त्यावर पॅनल लावू नका. ‘आम्ही पाईप काढून खाली पर्लिनला धरतो’ असं सांगणारे भेटतील (पर्लिन म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या). प्रत्येक पाईपला एक भोक, प्रत्येक भोकाला पावसाळ्यात एक बादली. आणि ड्रिल मारताना जो भुगा उडतो तो छातीत जाणारा आहे, खाली तुमची माणसं काम करतायत. इतक्या जुन्या पत्र्यावर माणूस उभा राहिला तरी तो कडकन जातो, आणि फायबरचे पत्रे तर उन्हाने पापडासारखे झालेले असतात. वरून धुळीने ते ओळखूही येत नाहीत. या एमआयडीसीत माणसं खाली आली आहेत ती बहुतेक अशाच पत्र्यातून.

त्यामुळे क्रम असा: स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ट्रस (छप्पर पेलणारे सांगाडे) आणि पर्लिन तपासून लेखी दाखला, मग पत्रा बदलणं, मग सोलर. पत्रा बदलायचाच आहे तर रंगीत ट्रॅपेझॉइडल प्रोफाइल घ्या, त्यावर ॲल्युमिनियमची मिनी रेल बसते. बसवताना स्वतः वर चढून, म्हणजे दोरी-बेल्ट लावून, एवढंच बघा की स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारतायत की पन्हळीत. पन्हळीतून पाणी वाहतं, तिथला स्क्रू गळणार म्हणजे गळणार. उंचवट्यावर, खाली रबराची पट्टी घालून. पॅनल आणि रेल मिळून वजन चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास, ते फार नाही. खरी भीती मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्याची, तो खालून उचलतो. इंजिनिअरला वाऱ्याचा हिशेब कागदावर मागा.

जागेचं म्हणाल तर एका किलोवॅटला सावली नसलेली १०० चौरस फूट धरा. तुमचे सहा हजार फूट म्हणून त्याने ६० लिहिले. त्यातून उजेडाचे पत्रे, साफसफाईची वाट आणि शेजारच्या इमारतीची सावली वजा करा. दुपारी तीननंतर ती सावली कुठवर येते ते डिसेंबरात बघायचं असतं, तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सावल्या लांब पडतात. माझा अंदाज ३५ ते ४०.

शीटमेटलवाली (भोसरी)

काका, खूप आभार. गिऱ्हाइकाच्या पर्चेसमधल्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, फॉर्म हेड ऑफिसने पाठवलाय, आम्ही फक्त पुढे ढकलला, आराखडा दिलात तरी चालेल. म्हणजे थोडा श्वास मिळाला. पत्रा तसाही बदलायचाच होता, गेल्या पावसाळ्यात ब्रेक प्रेसवर ताडपत्री टाकून काम केलंय.

एक शंका. साडेसात हजार युनिट लागतात आणि ४० किलोवॅटला महिन्याला साधारण पावणेपाच हजार होतात असं वाचलं. मग बिल दोन तृतीयांशाने कमी होईल ना?

वायरमनकाका (परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदार, पिंपरी)

नाही होणार. इथेच सगळे फसतात, म्हणून जरा लांबण लावतो.

पावणेपाच हजार हे बरोबर आहे, पुण्यात किलोवॅटला दिवसाला चार युनिट सरासरी धरतात, जुलै-ऑगस्टात त्याहून बरेच कमी. पण बिल म्हणजे नुसते युनिट नव्हेत. मागणी आकार (युनिटवर नव्हे, भारावर लागणारी रक्कम) तसाच राहतो, कारण ढग आला की पूर्ण भार महावितरणवर येतो आणि दुसऱ्या पाळीला तर सूर्यच नाही. ‘आता सोलर आहे तर मंजूर भार कमी करून घ्या’ असाही सल्ला मिळेल, तो घेऊ नका. नेट मीटरिंगची, म्हणजे उरलेली सोलर वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याची, क्षमता मंजूर भारापर्यंतच मिळते.

दुसरं, टीओडी, म्हणजे वेळेनुसार बदलणारा वीजदर. बिलावर वेळेचे पट्टे बघा. दिवसा ऊन असतानाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग, असा सगळा रोख आता आहे. तुमचं सोलर स्वस्त वेळेतली वीज वाचवणार आणि दुसरी पाळी महाग वेळेत चालणार. दुपारी उरलेले युनिट रात्रीच्या वापरातून जसेच्या तसे वजा होतील असं धरून हिशेब मांडू नका. म्हणून साइझिंग करताना महिन्याचा वापर बघायचा नाही, दिवसपाळीचा बघायचा. महावितरणकडून मीटरचा अर्ध्या किंवा पाव तासाचा लोड डेटा मागून घ्या. जो सोलरवाला तो न बघता आकडा सांगतो त्याला आकडा माहीत नाही. तुमचं शिअरिंग आणि ब्रेक प्रेस दुसऱ्या पाळीतून दिवसा ओढता आलं तर त्यात सोलरइतकाच फायदा आहे, तोही फुकटात.

तिसरं, पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा हिस्सा. हे कोटेशनमध्ये कुणीच लिहीत नाही. तुमचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या नव्हे तर एकूण घेतलेल्या विजेवर येत असेल, पहिल्या पानावर बघा. समजा दुपारी शॉपचा भार ४० किलोवॅट आहे आणि कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर ०.९८ ठेवलाय. म्हणजे साधारण ८ केव्हीएआर रिॲक्टिव्ह पॉवर (मोटरच्या चुंबकाला लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी) अजून बाहेरून येतेच. आता सोलरने त्यातले ३२ किलोवॅट दिले. महावितरणकडून उरले ८ किलोवॅट, पण ते ८ केव्हीएआर तसेच. पॉवर फॅक्टर ०.७! तुम्ही समजता ८ चं बिल येईल, येतं सव्वाअकराचं. मग माणूस म्हणतो सोलर खराब आहे. सोलर बरोबर आहे, कपॅसिटर पॅनल जुनं आहे.

उपाय दोन. एक तर एपीएफसीची (कपॅसिटर आपोआप आत-बाहेर करणाऱ्या पॅनलची) सीटी, म्हणजे करंट मोजणारी कॉइल, मेन इनकमरवर, म्हणजे महावितरणच्या बाजूला बसवायची, म्हणजे रिलेला खरी परिस्थिती दिसते. रिले चारही क्वाड्रंट ओळखणारा घ्या, नाहीतर सोलर उलट बाहेर जायला लागलं की तो गोंधळतो आणि कपॅसिटर धडाधड आत-बाहेर करतो. दुसरा उपाय, इन्व्हर्टरलाच थोडी रिॲक्टिव्ह पॉवर द्यायला सेट करणं. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये सोय असते, पण चालू करताना सांगितलं नाही तर कंपनीचा माणूस युनिटी, म्हणजे रिॲक्टिव्ह शून्य, ठेवून निघून जातो. प्रेस आणि वेल्डिंग असलेल्या शॉपमध्ये मी पहिल्या दिवशी एपीएफसीचं दार उघडून बघतो. निम्म्या ठिकाणी कपॅसिटर फुगलेले असतात, एखाद्याचा फ्यूज काढून ठेवलेला असतो आणि वर झाडू ठेवलेला असतो.

आणि गुरुवार! आपल्याकडे सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी शॉप बंद, सोलर चालू, सगळी वीज बाहेर. मात्र त्याच दिवशी महावितरण देखभालीला लाईट घालवतं. लाईट गेली की ग्रिडवरचा इन्व्हर्टर बंद, लाख ऊन असू दे. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छपरावरून शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. जनरेटरबरोबर सोलर चालवायचं असेल तर मधे वेगळा कंट्रोलर लागतो, नाहीतर सोलरची वीज जनरेटरमध्ये उलटी घुसते. तो कंट्रोलर कोटेशनमध्ये आहे का ते विचारा.

हिशेबनीस (सीए, सदाशिव पेठ)

पैशाची बाजू थोडक्यात. तुमच्या कोटेशनवर जीएसटी १३.८ टक्के दिसत असेल तर तो जुना हिशेब आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांचा दर १२ वरून ५ वर आला. बसवण्यासकट ठेका असेल तर ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात, त्यामुळे एकूण ८.९ टक्के पडतो. व्यवसायासाठी असल्याने सोलर प्लँटचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळतं. पत्रे आणि शेडच्या बांधकामाचं बिल मात्र वेगळं घ्या. एकाच बिलात कोंबलं तर पुढे क्रेडिटवरून वाद होतो.

घसारा ४० टक्के, घटत्या मूल्यावर. पण आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच. म्हणजे सप्टेंबरअखेर चालू झालं पाहिजे. नुसते पॅनल वर चढवून उपयोग नाही, नेट मीटर लागून चालू झाल्याचा कागद हवा. तुम्ही जुन्या कर पद्धतीत असाल तर उत्पादकांना मिळणारा २० टक्के अतिरिक्त घसाराही बघा. कंपनी करून २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दरात गेला असाल तर तो नाही. तुमच्या सीएशी बोलाच.

आणि विमा कंपनीला कळवा. फायर पॉलिसीत छपरावरचा प्लँट लिहिलेला नसेल तर दाव्याच्या वेळी त्यावरूनच सुरुवात होईल.

कोथरूड ते स्टुटगार्ट

तुमच्या फॉर्ममधला तो शब्द कुठून आला असावा, एक शक्यता सांगतो. मी राहतो त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सोलर खरोखर कायद्याने बंधनकारक आहे. १ जानेवारी २०२२ पासून नव्या बिगर-निवासी इमारतींना आणि ३५ हून जास्त गाड्यांच्या नव्या पार्किंगला, त्याच वर्षी मे महिन्यापासून नव्या घरांना, आणि २०२३ पासून छप्पर मुळापासून दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना. शिवाय २०२४ च्या युरोपीय निर्देशाने सगळ्याच सदस्य देशांना तारखा दिल्यात: २०२६ अखेरपासून २५० चौरस मीटरवरच्या नव्या बिगर-निवासी इमारती, पुढे मोठं नूतनीकरण होणाऱ्या जुन्या इमारती, २०२९ अखेरपासून नवी घरं.

गंमत बघा, इथेही जुन्या छपराला कुणी हात लावत नाही. छप्पर बदलायला घेतलंत की नियम लागू. त्यामुळे इथले छोटे कारखानदारही पत्रा बदलण्याआधी तुमच्यासारखेच बसून हिशेब करतात. तुमच्या चाकणच्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात कुणीतरी इथल्या इमारतींचा तक्ता जगभरच्या पुरवठादारांना लावलेला दिसतोय. जर्मन लोकांना तारखा घातलेला आराखडा आवडतो. इंजिनिअरचा दाखला कधी, पत्रा कधी, महावितरणचा अर्ज कधी, एवढं एका पानावर लिहून पाठवा, नुसत्या ‘हो’पेक्षा तो जास्त चालेल.

चिंचवडकर

ताई, अजून एक. तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर शेजाऱ्यांनी आधीच किती सोलर लावलंय ते महावितरणच्या उपविभागात विचारून घ्या, आगाऊ रक्कम देण्याच्या आधी. १० किलोवॅटच्या वर तांत्रिक पडताळणी होते, आणि ट्रान्सफॉर्मर भरला असेल तर तुमचा अर्ज तिथेच अडतो. आमच्या गल्लीत एकाचे पॅनल चढले आणि मीटरसाठी सहा महिने ते नुसतं ऊन खात बसले.

आणि मेडाचं, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचं, कार्यालय आपल्या औंधातच आहे, मुंबईला जायची गरज नाही.

शीटमेटलवाली (भोसरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. सोलरवाल्याला आज फोनवर पॉवर फॅक्टर विचारला. म्हणाला, ‘मॅडम, ते महावितरण बघतं.’ मी बरं म्हटलं आणि ठेवला.

कपॅसिटर पॅनल उघडलं काका. झाडू नव्हता, पण तिसऱ्या आणि पाचव्या बँकेचे फ्यूज खरंच काढलेले आहेत. कुणी, कधी, कुणालाच माहीत नाही. लोड डेटासाठी उपविभागात अर्ज दिलाय.

शेवटचं एक विचारते. आमच्या मागेच फौंड्री आहे, दुपारपर्यंत गाडीवर काळी पूड बसते. पॅनलवर तिचं काय होईल? सोलरवाला म्हणाला होता, पावसाने धुऊन निघतात.

वायरमनकाका (परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदार, पिंपरी)

पावसाने माती धुऊन निघते, फौंड्रीची पूड नाही, ती तेलकट असते. तुमच्याकडे आठवड्याला एकदा तरी धुवावे लागतील, उन्हाळ्यात जास्तच. छपरावर पाण्याची लाईन आणि चालायला ग्रेटिंगची वाट पत्रा बसवतानाच करून घ्या, नंतर केलीत तर पुन्हा भोकं पडतील. बोअरचं पाणी नको, क्षाराचे पांढरे डाग काचेवर एकदा बसले की निघत नाहीत. कॉर्पोरेशनचं किंवा आरओचं घ्या. सकाळी सातच्या आत, काच थंड असताना, मऊ ब्रशने. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू देऊ नका, पोरं मारतात.

एपीएफसीचे फ्यूज परस्पर घालू नका हं. आधी कपॅसिटर मोजून घ्या. फ्यूज काढणाऱ्याने कदाचित काही बघूनच काढले असतील.